बालहिताचा वाटा

५ जानेवारी

आधी एका अन्यायाची नोंद करतो, राष्ट्रकार्य मागाहून. वित्त खात्याच्या इमारतीत शिरताना दाराशी एक यंत्र रोज माझा फोटो काढतं आणि ‘अभ्यागत’ असं छापलेली चिकटपट्टी बाहेर टाकतं. ती छातीवर लावल्याशिवाय वर जाता येत नाही. माझा तीन महिन्यांचा करार झालेला आहे, मला टेबल दिलेलं आहे, टेबलाला न उघडणारा खणही आहे. कायमचा बिल्ला मात्र ‘प्रक्रियेत’ आहे. अभ्यागत म्हणजे ज्याला आधी पाय धुवायला पाणी द्यावं, मग आसन द्यावं आणि त्याचा जीव थंड झाल्यावर काम विचारावं. एवढं संस्कृत मी छड्या खाऊन शिकलो आहे. इथे अभ्यागताच्या सदऱ्याला गोंद लावतात. गोंदही असा की धुताना कापड विरतं आणि डाग राहतो. बायकोने आज तीन सदरे पलंगावर ओळीने मांडून दाखवले. तिन्हींच्या हृदयस्थानी एकेक चौकोनी काळिमा.

“पैसे किती देणार ते कळलं,” ती म्हणाली. “सदरे किती घेणार तेही विचारून या.”

कामाचं असं. वीस-एक वर्षं मी वर्तमानपत्राला अर्थसंकल्पाच्या बातम्या पुरवल्या. वर्तमानपत्र बंद पडलं, अर्थसंकल्प चालू आहे. आता सरकारला एक पुस्तिका हवी आहे: यंदा मुलांसाठी सरकार काय खर्च करणार, ते आईबापांना समजेल अशा भाषेत. ज्या बाईंवर मी पूर्वी यथेच्छ टीका करायचो त्याच आता संचालक आहेत आणि त्यांनीच मला बोलावलं. “तुमच्या शिव्यासुद्धा शुद्ध असायच्या,” म्हणाल्या. मी लगेच विरघळलो.

खरं म्हणजे काम मला आवडलं आहे. मुलांचा पैसा कुठे जातो हे कुणीतरी सरळ सांगायला हवंच.

९ जानेवारी

‘वाटा’ म्हणजे काय ते आज कळलं. शाळा, लसी, पाळणाघरं हा उघड मुलांचा खर्च. पण ज्या खर्चात मोठ्यांचाही फायदा असतो, त्यात मुलांचा वाटा किती टक्के, हे प्रत्येक खात्याने आपलं आपण ठरवून कळवायचं. कल्पना मुळात वाईट नाही. दवाखान्यात मुलं येतातच, नळाचं पाणी मुलंही पितात.

अडचण वचनाची आहे. एकूण खर्चाचा पाव हिस्सा मुलांसाठी, असं सरकार सभागृहात बोलून बसलं आहे. प्रामाणिकपणे मोजलं तर त्याच्या निम्म्यापर्यंत कसंबसं जातं. म्हणून संचालकबाईंनी सगळ्या खात्यांना सुचवलं की, वाटा शोधताना जरा उदार व्हा.

आज बैठकीत उदारता ओसंडून वाहत होती. रस्ते खात्याचे गृहस्थ म्हणाले, “लोकसंख्येत तिसेक टक्के मुलं. म्हणजे रस्ता तीस टक्के मुलांचा.”

“नेमका कुठला तुकडा?” मी विचारलं.

“तुकडा नाही हो. टक्का.”

उड्डाणपुलाचंही तसंच. तुरुंग खात्याने वाटा मागितला, कारण कैद्यांना मुलं असतात. मंत्र्यांच्या विश्रामगृहाच्या आवारात एक झोपाळा आहे, म्हणून रंगकामाचा दहा टक्के खर्च बालकल्याणात. मद्यावर कर घेणारं खातं म्हणालं, कर वाढला की बाप कमी पितात आणि मुलं सुखी होतात; तेव्हा आमच्या कार्यालयाचं भाडंही धरा. कुणीही हसलं नाही. संचालकबाई सगळं टिपून घेत होत्या आणि अधूनमधून “छान” म्हणत होत्या.

वर्गात पहिला येणारा मुलगा मारलेल्या माशा काडेपेटीत साठवतो, असं पाहिलं की जे वाटतं ते मला वाटत राहिलं.

१३ जानेवारी

घरी हे सगळं अभिनयासह सांगितलं. बायको हसली. लेक हसली नाही. जावई बोटीवर असतो, वर्षातून दोनदा किनाऱ्याला लागतो. म्हणून लेक आणि नात सध्या आमच्याकडे. नातीला आम्ही मुनी म्हणतो, कारण दोन वर्षांची होऊन गेली तरी तिने जगाला उद्देशून अजून एक शब्द खर्च केलेला नाही.

“बाबा, मुनी हाकेला वळत नाही,” लेक म्हणाली.

“या घरातल्या हाका ऐकून कोण वळेल? तिला कळलंय की पुढे काम सांगणार.”

“मी गंमत करत नाहीये.”

“आमच्याकडे सगळे उशिरा बोलतात गं,” बायको मध्ये पडली. “तुझे बाबा तिसऱ्या वर्षी बोलायला लागले. सासूबाई सांगायच्या. मग थांबलेच नाहीत.”

लेक मुनीला उचलून आत गेली. ती लहानपणापासून काळजीखोर. मुनीचं मला काही वावगं वाटत नाही. उलट इतकं एकाग्र मूल मी पाहिलेलं नाही. आपण बोलत असलो की आपल्या तोंडाकडे अशी रोखून बघते, जणू व्याख्यानाला आली आहे. कपडे धुवायचं यंत्र लागलं की धावत जाऊन त्याला दोन्ही तळहात टेकवते आणि डोळे मिटते. काल शेजाऱ्यांनी भिंतीला भोकं पाडायला काढली. माझ्या दातांत कळ गेली. मुनी त्याच भिंतीला पाठ लावून गाढ झोपली होती. स्थितप्रज्ञ म्हणजे काय ते आम्ही पाठ केलं, ही जगून दाखवते.

२० जानेवारी

आकडा सव्वीसवर गेला. वचन पाळलं जाऊन वर एक टक्का शिल्लक.

दुपारी केक आणला. त्यावर साखरेने ‘२६’ काढलं होतं. संचालकबाईंनी सहाच्या पोटातून सुरी घातली, टाळ्या झाल्या. एका शाळेला छप्पर नाही, ती गोष्ट या सव्वीसमध्ये बसत नाही. झोपाळ्याजवळची रंगवलेली भिंत बसते. मी केक नको म्हणालो. मग सगळे बघायला लागले, म्हणून घेतला. बरा होता. तेच जास्त लागलं.

२३ जानेवारी

संचालकबाईंनी खोलीत बोलावलं. टेबलावर त्यांच्या जुळ्या मुलांचा दात पडलेल्या वयातला फोटो असतो. बाई वाईट नाहीत. पाहुण्याला स्वतः उठून पाणी देतात.

“सव्वीस म्हणजे आपण पुढे आहोत,” त्या म्हणाल्या. “वरून सूचना आलीय की आता बारीकसारीक ओळी जरा आटपा. पुस्तिका सुटसुटीत दिसेल, आणि थोडी बचतही.”

“कुठल्या ओळी?”

“ही बघा. नवजात बाळांच्या कानांची तपासणी. आधी सगळ्या सरकारी प्रसूतिगृहांत होती, मग हवी असल्यास, आता एकाच ठिकाणी उरलीय. वेगळी ओळ ठेवून काय करायची? मोठ्या एखाद्या शीर्षकात घालून टाकू. तुम्ही वाक्य द्या. ‘बंद’ हा शब्द नको.”

टेबलाशी येऊन मी एक वाक्य पाडलं, पूर्ण कुत्सितपणाने. इतकं फुगवलं की कुणालाही टाचणी लावावीशी वाटेल: ‘नवजात बालकांची श्रवणचाचणी ही आता एकाकी सेवा न उरता समग्र बालसंगोपनाच्या व्यापक प्रवाहात अंतर्भूत झाली आहे.’ म्हटलं, वाचतील, लाजतील, फाडून टाकतील. निदान हसतील तरी. पाठवून दिलं. घरी येताना मनात थोडी शेखीही होती, ते नाकारत नाही. ‘एकाकी’ हा शब्द विशेष जमला होता.

२९ जानेवारी

वाक्य छापलं. मंत्र्यांनी ते वाचलं, त्यांना आवडलं आणि आता ते भाषणातही जाणार आहे. वरच्या मजल्यावरचे एक सचिव जिन्यात थांबून म्हणाले, “अंतर्भूत. वा. आमच्याकडे असं लिहिणारं कुणी नाही.”

मी ‘थँक यू’ म्हणालो. जिन्यात माणूस दुसरं काय म्हणणार.

२ फेब्रुवारी

आज माझ्या टेबलाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. उंच, आवाज घोगरा, हातात आमची पुस्तिका. छातीवर माझ्यासारखीच ‘अभ्यागत’ची पट्टी.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“कोण आपण?”

“कानांची डॉक्टर. उरलेल्या एका प्रसूतिगृहात जी तपासणी होते, ती मी चालवते. परवापर्यंत चालवत होते. आता अंतर्भूत झालेय म्हणे. मला कानांतलं कळतं, तुमच्या भाषेतलं कळत नाही. अंतर्भूत म्हणजे काय?”

“आत सामावलेलं.”

“कशाच्या आत?”

मी पुस्तिका उघडून ‘समग्र बालसंगोपन’ शोधलं. त्याखाली पोस्टर छापण्याचा खर्च होता.

“त्यात माझ्या तपासणाऱ्या मुली बसतात का? दोघी आहेत. कामाला स्वतःचं शीर्षक नसेल तर पगार निघत नाही. कोषागारातला माणूस विचारणार, कुठल्या नावावर टाकू? पोस्टरच्या?” त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मी बसा म्हटलं नव्हतं. “बाळ झोपलेलं असतं. कानात एवढीशी बोंडी घालायची. यंत्र आवाज सोडतं, कान उत्तर देतो. नाही दिलं तर पुन्हा तपासायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या काही महिन्यांत कळलं तर कानाला यंत्र लावता येतं, हातांच्या खुणांची भाषा घरच्यांना शिकवता येते. मूल भाषेत वाढतं. ऐकू कमी येईल, पण जगाशी बोलणं तुटत नाही.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर घरचे म्हणतात, आमच्यात सगळे उशिरा बोलतात.”

त्या हे सहज म्हणाल्या, पुस्तिका चाळता चाळता. माझ्याकडे बघतही नव्हत्या.

“घरी आपलं आपण तपासता येतं का?” मी विचारलं. आवाज बातमीदाराचा काढला होता.

“नको. मुलं फसवतात. सावली पडली, जमीन हलली, वारा आला, तरी वळतात. आई म्हणते, बघा, ऐकू येतंय. माझ्याकडे येतात तेव्हा मूल तीन वर्षांचं झालेलं असतं आणि मग आम्ही सगळे त्याच्या मागे धावतो.” मग त्या उठल्या. “दोन-तीन वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडच्या प्रसूतिगृहांतली तपासणी बंद झाली, तेव्हा मी एवढीच ओरडले होते. तेव्हा निदान ‘बंद’ असं लिहिलं होतं. त्यावर भांडता येत होतं. तुमच्या या वाक्याशी भांडायला जागाच नाही.”

माझ्या लेखनाची इतकी नेमकी परीक्षा आजवर कुणी केली नव्हती.

आम्ही नदीच्या अलीकडे राहतो.

३ फेब्रुवारी

लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, मुनी झाली तेव्हा कान तपासले होते का.

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“यंत्र होतं. फडकं घालून ठेवलेलं. नर्स म्हणाली, चालवणारी बाई आता नसते, नंतर कधीतरी नदीपलीकडे जाऊन करून घ्या. तुम्हाला सांगितलं होतं मी, बाबा. तुम्ही म्हणालात, पोरगी एवढी खणखणीत रडतेय, तपासायचं काय.”

असं मी म्हणालो असेन. मला आठवत नाही. मुनी तेव्हा जमिनीवर बसून डब्यात डबा घालत होती. तिच्या आईचा आवाज चढला होता, पण तिने वर पाहिलं नाही. लक्ष कामात होतं.

५ फेब्रुवारी

संचालकबाईंकडे गेलो.

“मॅडम, ते अंतर्भूतचं वाक्य काढा.”

“का? तेच तर सगळ्यांत चांगलं आहे.”

“मी ते चिडून लिहिलं होतं. टिंगल होती ती.”

त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं, अगदी मन लावून. “यात टिंगल कुठे आहे?”

मीही वाचलं. कुठेच नव्हती. छापल्यावर ते इतर सगळ्या वाक्यांसारखंच दिसत होतं.

“मग वाक्य राहू द्या, पण ती ओळ परत घाला,” मी म्हणालो. “रक्कम ती काय. तुमच्या एका उड्डाणपुलाच्या कठड्याएवढीसुद्धा नाही.”

“तीच तर गंमत आहे ना. घातली तरी सव्वीस, काढली तरी सव्वीस. जी ओळ आकडा हलवत नाही, तिच्यासाठी वर जाऊन मी भांडू कशी? मला विचारतील, फरक काय पडतो.” त्यांच्या बोलण्यात कुठेही दुष्टपणा नव्हता. मला ओकारी आली असती तर त्यांनी पाणी आणून पाठीवरून हात फिरवला असता. “पण तुम्हाला हे एवढं का लागलंय?”

सांगायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. “नात आहे. दोन वर्षांची. हाकेला वळत नाही.”

त्यांचा चेहरा खरोखर उतरला. फोन उचलून त्यांनी आरोग्य खात्यातल्या कुणाला तरी लावला, “घरचंच आहे असं समजा,” म्हणाल्या, आणि ठेवून माझ्याकडे वळल्या. “नऊ तारखेला, सकाळी पहिला नंबर. नदीपलीकडचं मोठं रुग्णालय. रांगेत थांबू नका, माझं नाव सांगा.”

“रांग मोठी आहे?”

“मोठ्या मुलांची आहे. उन्हाळा संपेपर्यंतची. तपासणारी माणसंच नाहीत तिथे, काय करणार.”

मी म्हणालो, “आभारी आहे, मॅडम.” अगदी मनापासून म्हणालो. मग टेबलाशी जाऊन पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीतले स्वल्पविराम तपासले. ओळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. कुणाच्या तरी मुलाला सरकवून मुनी त्याच्या जागी बसणार आहे, आणि ती रांग ज्या कारणाने वाढते आहे ते मी ‘व्यापक प्रवाह’ म्हणून लिहून दिलं आहे. आजवर या इमारतीची किळस दाराबाहेर पडलो की कमी व्हायची. आज ती माझ्याबरोबर चालत घरी आली.

डॉक्टरबाईंना फोन करायचा होता. काय सांगणार. केला नाही.

८ फेब्रुवारी

रजा घेतली. घरात सगळे उद्याच्या तयारीत. बायकोने मुनीचा झगा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घातला आहे. तपासायचे कान आहेत, झगा कशाला, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

“इतक्या लवकर तारीख कशी मिळाली?” लेकीने विचारलं. “माझ्या मैत्रिणीच्या मुलाला चार महिन्यांनी बोलावलंय.”

“ओळखीने.”

“बरं झालं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मैत्रिणीच्या मुलाचं नाव घालता येईल का त्यांना?”

“बघतो,” मी म्हणालो. हा शब्द मी वीस वर्षं मंत्र्यांच्या तोंडून ऐकला आहे. घरात वापरायची ही पहिलीच वेळ.

दुपारी त्या दोघी आत होत्या. मुनी खिडकीपाशी पाठमोरी बसून डबे रचत होती. डॉक्टरांनी नको म्हटलेलं मी केलं. चपला काढल्या. फरशीला धक्का लागू नये अशा बेताने मागे जाऊन उभा राहिलो. ऊन समोरून येत होतं, सावली माझ्या मागे पडत होती. मुनी म्हटलं. मग तिचं खरं नाव घेतलं. मग जोरात नाव घेतलं. टाळी वाजवली. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, काय चाललंय?” मुनीने सगळ्यांत लहान डबा सगळ्यांत वर ठेवला, तो पडला, तो तिने पुन्हा उचलला.

मी आणखी एकदा हाक मारली. तोवर लेक दारात येऊन उभी राहिली होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग ती पुढे आली, मुनीच्या समोर बसली, आणि मुनी तिचा चेहरा बघून खळखळून हसली.

किळस वगैरे आहे, ती कुठे जात नाही. पण लिहायचंच तर खरं लिहितो. मुनीला ऐकू येत नाही. लेकीला हे केव्हाच कळलं होतं, मला उद्याच्या यंत्राने सांगायची गरज उरलेली नाही. फक्त किती उशीर झालाय ते मला माहीत नाही, आणि उद्या ते कुणी मोठ्याने सांगेल याची मला भीती वाटते.